मुलींत पहिली

गेल्या महिन्यात साताऱ्याला एका मंगल कार्यालयात जलद बुद्धिबळाची एक दिवसाची खुली स्पर्धा होती आणि माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन मी पहाटेच्या एसटीने पुण्याहून तिथे गेले होते. व्यासपीठावर, जिथे एरवी वधूवरांच्या खुर्च्या असतात, तिथे लांब टेबलावर चषक मांडून ठेवले होते. मधोमध पहिल्या तीन क्रमांकांचे भारदस्त चषक, त्यांच्या दोन्ही बाजूंना उंचीने उतरत गेलेले वयोगटांचे, आणि अगदी कडेला, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याशेजारी, वीतभर उंचीचा एक, ज्याच्या तळाशी ‘उत्कृष्ट महिला’ अशी छापील पट्टी चिकटवली होती. भाचीने सगळे टेबल एकदा डोळ्यांखालून घातले आणि विचारले, “आत्या, तो शेवटचा मिळाला तर मोठ्यातला मिळत नाही का?” एका खेळाडूला एकच, त्यातल्या त्यात मोठे बक्षीस मिळते, असा नियम मी तिला सांगितला आणि ती पेअरिंगचा, म्हणजे कोणाचा डाव कोणाशी याचा, कागद बघायला पळाली.

भिंतीवर खेळाडूंची रेटिंगच्या, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या गुणांच्या, क्रमाने लावलेली यादी होती. मी तिच्यावरून बोट फिरवत मुलींची नावे मोजली, ही माझी जुनी खोड आहे. यादीच्या तळाशी, जिथे अजून रेटिंग न मिळालेली सहा-सात वर्षांची मुले असतात, तिथे मुलींची नावे जवळजवळ निम्मी होती. बोट वर सरकू लागले तसतशी ती विरळ होत गेली आणि पहिल्या चाळीस नावांत फक्त दोन उरली. त्यांतली एक माझी भाची. दुसरी बहुधा दहावीत असावी, कारण तिची आई बाहेर पायरीवर बसून कुणाला तरी फोनवर सांगत होती की, बोर्डाच्या वर्षातली ही शेवटचीच स्पर्धा.

चौथ्या फेरीत भाचीसमोर तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा आला. फेरी सुरू होण्यापूर्वी त्याचे वडील दारातूनच त्याला म्हणाले, “मुलगी आहे. पटकन आटप, मग जेवून घेऊ.” मुलाने आज्ञा पाळली, घड्याळात भरपूर वेळ शिल्लक असताना तो भराभर खेळू लागला आणि सहाव्या-सातव्या चालीलाच वजीर बाहेर काढून त्याने पांढऱ्या राजाकडे धाव घेतली. (आपल्या पटावरची सर्वांत बलाढ्य सोंगटी वजीर, म्हणजे पुरुष, तिलाच युरोपात राणी म्हणतात आणि हल्ली आपली क्लासला जाणारी मुलेही ‘क्वीन’च म्हणतात. त्यातून काही अर्थ काढायचा मोह मी टाळते.) भाचीने एकेक घोडा, एकेक उंट बाहेर काढताना प्रत्येक चालीत त्या वजिरालाच हुसकावले, आणि तो परतीची वाट शोधेपर्यंत कॅसलिंग करून, म्हणजे आपला राजा सुरक्षित कोपऱ्यात हलवून, मधली पट्टी उघडली. काळा राजा अजून जागचा हललाही नव्हता. पंचवीस चालींच्या आत डाव संपला. बाहेर आल्यावर वडिलांनी मुलाला विचारलेला प्रश्न एवढाच होता : “मुलीकडून हरलास?” मुलाचे कान लाल झाले होते. आपण वाईट खेळलो म्हणून हरलो, एवढे साधे दुःख करण्याची मोकळीकही त्या बिचाऱ्याला नव्हती.

हा प्रसंग मंगल कार्यालयातला असला तरी त्याचे धागे फार वरपर्यंत जातात. आजवर जगात दोन हजारांहून अधिक खेळाडूंना ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळाला आहे आणि त्यांत स्त्रिया चाळीस-पंचेचाळीस. भारताचे चित्र याहून वेगळे नाही : २०२५च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख ग्रँडमास्टर झाली तेव्हा ती भारताची ८८वी होती आणि स्त्रियांमध्ये, कोनेरू हम्पी, द्रोणवल्ली हारिका आणि आर. वैशाली यांच्यानंतरची, चौथी. जगाच्या क्रमवारीत पहिल्या दहांत आजवर पोहोचलेली स्त्री एकच, हंगेरीची ज्यूडिट पोल्गार. २००५मध्ये तिचे रेटिंग २७३५ होते आणि क्रमांक आठवा.

हे आकडे समोर ठेवले की चहाच्या टपरीपासून जागतिक विजेत्यांपर्यंत अनेकांचे उत्तर तयार असते : बायकांचा मेंदूच तसा नाही. अमेरिकेचा विश्वविजेता बॉबी फिशर हे उघडपणे बोलत असे. इंग्लंडचे ग्रँडमास्टर नायजेल शॉर्ट यांनी २०१५मध्ये, स्त्री-पुरुषांच्या मेंदूंची घडणच निराळी आहे आणि ते मान्य करायला हरकत नसावी, अशा आशयाचा लेख लिहिला तेव्हा बराच गदारोळ झाला. ज्यूडिट पोल्गारविरुद्धच्या डावांत हेच शॉर्ट जिंकले कमी आणि हरले जास्त, याची आठवण त्यांना लगोलग करून देण्यात आली.

मला यातला संख्याशास्त्राचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो आणि तो आंब्यांच्या भाषेत सहज सांगता येतो. एकाच बागेतल्या हापूसच्या सोळा पेट्या एका बाजूला ठेवल्या आणि एकच पेटी दुसऱ्या बाजूला, तर सर्वांत मोठा आंबा सोळा पेट्यांच्या बाजूला निघण्याची शक्यताच जास्त. त्यावरून एका पेटीतली जात हलकी ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये जर्मनीतल्या सुमारे एक लाख वीस हजार खेळाडूंच्या रेटिंगचा अभ्यास केला. तिथे पुरुष आणि स्त्रिया यांचे प्रमाण साधारण सोळास एक होते, आणि वरच्या शंभर पुरुष व शंभर स्त्रियांच्या रेटिंगमधल्या तफावतीपैकी सुमारे ९६ टक्के तफावत निव्वळ या संख्येने उलगडते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, संख्येचा वाटा याहून कमी आहे असे मांडणारेही पुढे आले, आणि तो वाद मिटलेला नाही. पण ९६ टक्के घ्या किंवा त्याहून बरेच कमी घ्या, तफावतीचा मोठा भाग पेट्यांच्या संख्येत आहे. तेव्हा आंबे सोलून पाहण्याआधी एका बाजूला एकच पेटी का, हे विचारायला हवे.

त्यापूर्वी आणखी एका प्रयोगाविषयी, कारण साताऱ्याच्या त्या वडिलांचे शब्द ऐकताना मला तोच आठवला होता. इटलीतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तुल्यबळ स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या इंटरनेटवरून खेळवल्या. समोर कोण आहे हे खेळाडूला दिसत नव्हते. आपण पुरुषाशी खेळतो आहोत, हे स्त्रियांना ठाऊक असे तेव्हा त्यांची कामगिरी लक्षणीय घसरली. समोर स्त्री आहे असे त्यांना खोटेच सांगितले तेव्हा, त्याच पुरुषांविरुद्ध, त्या बरोबरीने खेळल्या. प्रयोग लहान होता आणि त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही, ‘मुलगी आहे, पटकन आटप’ हे वाक्य फक्त त्या मुलाच्याच कानावर पडले नव्हते. माझी भाची तेव्हा त्याच दारात बुटाची नाडी बांधत उभी होती.

आता दरवाजांची गोष्ट. १९२७मध्ये स्त्रियांचे पहिले विश्वविजेतेपद जिंकणारी वेरा मेनचिक १९२९मध्ये कार्ल्सबादच्या स्पर्धेत नामांकित पुरुषांबरोबर खेळायला उतरली, तेव्हा व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेकर यांनी थट्टेने सुचवले की, तिच्याकडून हरणाऱ्यांचा ‘वेरा मेनचिक क्लब’ काढावा. क्लबचे पहिले सदस्य बेकरच झाले. पुढे त्या क्लबात दोनदा भरती झालेले एक गृहस्थ म्हणजे मॅक्स यूव, जे १९३५मध्ये विश्वविजेते झाले आणि १९७०पासून फिडे या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते. आणि इथे ही गोष्ट थेट मुंबईत येते. १९७६मध्ये ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची मुलगी रोहिणी, वय वर्षे तेरा, राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत खेळली आणि त्यावर इतके वादंग माजले की, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. निकाल तिच्या बाजूने लागला, आणि राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय फिडेच्या अध्यक्षांनी, म्हणजे यूव यांनीच दिला. तो देताना त्यांना वेराकडून गमावलेले दोन डाव आठवले असतील का, असा विचार मी पुष्कळदा केला आहे.

नियम झाला म्हणून दार उघडले असे मात्र नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८६च्या अखेरीस, फिडेने जगातल्या सर्व सक्रिय स्त्री खेळाडूंच्या रेटिंगमध्ये सरसकट १०० गुणांची भर घातली आणि त्यातून एकाच बाईला वगळले : ज्यूडिटची थोरली बहीण सुसान पोल्गार. ती पुरुषांविरुद्ध खेळून गुण मिळवते, म्हणून तिचे गुण आधीच बरोबर आहेत, असे कारण देण्यात आले. परिणामी जानेवारी १९८७च्या यादीत स्त्रियांमधले तिचे पहिले स्थान गेले. चुलीपाशी न थांबता बाहेर पडून कमावणाऱ्या सुनेला वाटणीतून वगळावे, तसा हा न्याय झाला.

खाडिलकर भगिनी तीन, वासंती, जयश्री आणि रोहिणी. पोल्गार भगिनीही तीन, सुसान, सोफिया आणि ज्यूडिट. १९७४मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, ती वासंतीने जिंकली आणि पुढची दहा वर्षे विजेतेपद खाडिलकरांच्या घराबाहेर गेले नाही. त्यांतली पाच एकट्या रोहिणीची. १९८१मध्ये हैदराबादला ती आशियाई विजेतीही झाली. मुंबईच्या आणि बुडापेस्टच्या या दोन्ही घरांविषयी बोलताना वडिलांच्या ध्यासाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे, पण मला त्यात एक साधी व्यवहाराची गोष्ट दिसते. या मुलींना सरावासाठी जोडीदार शोधायला घराबाहेर पडावे लागत नव्हते, आणि परगावच्या स्पर्धेला जाताना त्या एकट्या नसत.

ही व्यवहाराची गोष्ट मी अनुभवाने जाणते. नव्वदच्या दशकात, मी नववीत असताना, आमच्या जिल्ह्यातून राज्य स्पर्धेसाठी चौघांची निवड झाली; तिघे मुलगे आणि मी. मुलग्यांना घेऊन आमचे एक सर रात्रीच्या गाडीने निघाले आणि सगळे मिळून लॉजच्या एका खोलीत राहिले. माझ्याबरोबर आईने किंवा बाबांनी जायला हवे होते. आईची शाळा चालू होती, बाबांची रजा शिल्लक नव्हती, आणि निराळी खोली, दोघांचे तिकीट, चार दिवसांचे जेवण हा खर्च मुलग्यांच्या खर्चाच्या कितीतरी पट होत होता. घरात कोणीही मला ‘मुलगी आहेस, खेळू नकोस’ असे म्हटले नाही. बाबा फक्त म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी दहावी होती. माझ्या जागी जो मुलगा गेला, त्याला मी त्या वर्षी दोनदा हरवले होते, हे मी अजून विसरलेले नाही. तेव्हा आणि आताही, बारा ते सोळा या वयात मुलगा क्लबातल्या पोरांबरोबर पाठीला सॅक लावून निघतो, आणि मुलगी निघायची तर घरातले एक मोठे माणूस निघावे लागते. साताऱ्याच्या भिंतीवरची यादी ज्या ठिकाणी विरळ होऊ लागते, ते नेमके हेच वय आहे. दिव्या देशमुखच्या २०२५च्या महिला विश्वचषकातल्या विजयानंतरच्या छायाचित्रांत तिच्या गळ्यात पडलेली आई जगाने पाहिली. ती आई तिथे, जॉर्जियातल्या बातुमीत, तीन आठवडे कशी काय होती, हे विचारायचे फारसे कोणाला सुचले नाही.

दुसरी गळती पुढे होते. कोनेरू हम्पी २००२मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, ज्यूडिटचा विक्रम मोडून. २०१७मध्ये तिला मुलगी झाली आणि त्या सुमारास दोन वर्षे ती स्पर्धांपासून दूर होती. परतल्यावर २०१९मध्ये तिने जलद प्रकारातले विश्वविजेतेपद जिंकले आणि २०२४मध्ये पुन्हा. हारिका २०२२मध्ये चेन्नईजवळच्या ऑलिम्पियाडला नवव्या महिन्यात पटावर बसली होती. या दोघी परतल्या म्हणून त्यांची उदाहरणे सांगता येतात.

स्त्रियांसाठी वेगळे किताब आणि वेगळ्या स्पर्धा असाव्यात का, हा प्रश्न या चर्चेत नेहमी येतो आणि त्याबाबत माझे मत वयानुसार बदलले आहे. ग्रँडमास्टरसाठी २५०० रेटिंग लागते, वुमन ग्रँडमास्टरसाठी २३००. शाळेत असताना मला या फरकाचा मनस्वी राग येत असे. ज्यूडिटने स्त्रियांच्या विश्वविजेतेपदाकडे कधी ढुंकून पाहिले नाही आणि चीनच्या हौ यिफाननेही २०१६नंतर त्या चक्रातून अंग काढून घेतले. २०१७मध्ये जिब्राल्टरच्या खुल्या स्पर्धेत दहापैकी सात फेऱ्यांत आपल्याला स्त्रियांशीच खेळावे लागले म्हणून हौ इतकी वैतागली की, शेवटच्या फेरीत तिने मुद्दाम वेड्यावाकड्या चाली करून पाचव्या चालीलाच डाव सोडला. पेअरिंग संगणकाने केले होते, असे आयोजकांचे म्हणणे होते. सतत आपापसांत खेळत राहिले की रेटिंग त्याच कुंडात फिरत राहते, हे तिचे दुखणे खरेच आहे. पण सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी पाच वेळा आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनीही पाच वेळा जी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, ती स्पर्धाच नसती तर त्या काळी त्यांची नावे वर्तमानपत्रात कुठल्या निमित्ताने आली असती, आणि माझ्या बाबांनी ती कापून मला कशी दाखवली असती? तेव्हा वीतभर चषक राहू द्यावा, या मताची मी आता झाले आहे. कमी रेटिंगच्या किताबांविषयी मात्र माझा जुना राग पूर्ण गेलेला नाही.

बातुमी हे ठिकाणही या गोष्टीला शोभणारे होते. नोना गाप्रिंदाश्विली आणि तिच्यानंतर माया चिबुर्दानिद्झे, या दोन जॉर्जियन स्त्रियांनी १९६२पासून १९९१पर्यंत विश्वविजेतेपद आपल्याच देशात ठेवले होते, आणि नोना १९७८मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तिथे मुलींनी बुद्धिबळ खेळणे ही नवलाची गोष्ट राहिली नाही, त्यामुळे मुली खेळत राहिल्या. त्याच भूमीत १९ वर्षांच्या दिव्याने अंतिम फेरीत ३८ वर्षांच्या हम्पीला बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये हरवले, आणि किताबासाठी एरवी लागणारा एकही ग्रँडमास्टर नॉर्म, म्हणजे स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी, नावावर नसताना या विजयाने थेट तो किताब मिळवला. तिला मिळालेले बक्षीस ५० हजार डॉलरचे होते. २०२५च्याच नोव्हेंबरमध्ये गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला १ लाख २० हजार. गोव्याच्या त्या स्पर्धेत २०६ खेळाडू होते आणि त्यांत एकमेव स्त्री, वाइल्ड कार्डवर आलेली दिव्या. ती पहिल्याच फेरीत ग्रीसच्या खेळाडूकडून दोन्ही डाव हरली आणि समाजमाध्यमांवर लगेच ‘बघा, सांगत नव्हतो?’ हा सूर उमटला. पहिल्या फेरीत बाद झालेल्या पुरुषांच्या हरण्यावरून कोणी पुरुषजातीविषयी निष्कर्ष काढल्याचे माझ्या वाचनात आले नाही. याच मुलीने जानेवारी २०२४मध्ये, नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर, लिहिले होते की, प्रेक्षक माझ्या डावांपेक्षा माझे कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

साताऱ्याला सातव्या फेरीअखेर भाचीचे साडेचार गुण झाले. ती एकूण चौदावी आली. रोख बक्षिसे दहापर्यंतच होती, तेव्हा वीतभर चषक तिलाच मिळाला. निवेदकाने ‘मुलींत पहिली’ असे पुकारल्यावर टाळ्या बऱ्याच वाजल्या. दहावीतली ती मुलगी तिच्याहून अर्ध्या गुणाने मागे होती आणि समारंभ संपेपर्यंत थांबली नाही. परतीच्या गाडीत भाचीने चषक माझ्या पिशवीत कोंबला आणि खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत सहाव्या फेरीतला हरलेला डाव मोबाइलवरच्या पटावर पुन्हा पुन्हा मांडून, हत्ती त्या पट्टीत न्यायलाच नको होता, हे मला पटवत राहिली. मग म्हणाली, “पुढच्या महिन्यात कोल्हापूरला क्लासिकल स्पर्धा आहे, आत्या. लांब डावांची, चार दिवस. आई म्हणते बघू.”

वहिनीच्या बँकेत तिमाहीअखेर आहे आणि भावाला दौऱ्यावर जायचे आहे. मी सोमवारीच रजेचा अर्ज दिला.